५०२ गेला, ४०० आला: जँगो, गनिकॉर्न आणि एनजिनएक्सची मांडणी कशी तपासावी

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) ५.२ मधलं ॲप्लिकेशन लॅपटॉपवर ‘रनसर्व्हर’ने, म्हणजे जँगोच्या सरावाच्या सर्व्हरने, नीट चालतं. उबुंटू २२.०४ च्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) तुम्ही ते होम फोल्डरमध्ये ठेवलं, पुढे एनजिनएक्स (ब्राउझरच्या विनंत्या घेणारा वेब सर्व्हर) आणि मागे गनिकॉर्न (पायथन कोड चालवणारा सर्व्हर) अशी मांडणी केली, दोघांमध्ये युनिक्स सॉकेट (एकाच मशीनवरच्या दोन प्रोसेसना बोलण्यासाठीची फाइल) ठेवला, आणि ‘५०२ बॅड गेटवे’ आला. प्रकल्पाच्या फोल्डरला ७७७ परमिशन (सगळ्यांना सगळं करण्याची मुभा) दिली, तरी फरक पडला नाही. मग दुसऱ्या एका लेखावरून सॉकेट काढून १२७.०.०.१ वरचा ८००० पोर्ट वापरला. ५०२ गेला, पण ४०० आला. ‘अलाउड होस्ट्स’मध्ये (जँगो ज्या नावांच्या विनंत्या स्वीकारतो त्या यादीत) डोमेन लिहिलेलं असूनही ४०० जाईना, म्हणून तिथे * टाकला. पान दिसलं, पण सीएसएसशिवाय. आता ॲडमिनमध्ये लॉगिन करताना ४०३ येतो. मूळ चूक कुठे आहे, असं तुम्ही विचारलंय.

चार वेगवेगळे बिघाड झाल्यासारखं दिसतं खरं, पण तुम्ही दिलेली कॉन्फिग फाइल वाचून मला मूळ कारणं दोनच दिसतात. पहिलं, होम फोल्डरची परमिशन. त्यातून ५०२ आला आणि बहुतेक त्यातूनच सीएसएस गेलं. दुसरं, एनजिनएक्सकडून हेडर (विनंतीसोबत जाणारी माहिती) पुढे न पोचणं. त्यातून ४०० आला आणि लॉगिनचा ४०३ही त्यातलाच आहे. ७७७ आणि * या दोन्ही उपायांनी मूळ कारणाला हात लागला नाही, उलट दोन नवे धोके तयार झाले. ते शेवटी काढायला विसरू नका.

आणखी एक गोष्ट मनावर घ्या: ५०२ जाऊन ४०० आला तेव्हा काही बिघडलं नव्हतं. आधी विनंती एनजिनएक्सपाशीच अडत होती, ती तेव्हा पहिल्यांदा जँगोपर्यंत पोचली. चुकीचा आकडा बदलला की बरेच जण घाबरून मागची दुरुस्ती उलटवतात, आणि मग दिवसभर त्याच दोन चुकांमध्ये येरझाऱ्या घालत राहतात.

आधी ठरवा, बोलतंय कोण

रनसर्व्हर चालवता तेव्हा ब्राउझर आणि जँगो यांच्यामध्ये दुसरं कोणी नसतं. सर्व्हरवर मात्र विनंती आधी फायरवॉलमधून जाते, मग एनजिनएक्स, मग सॉकेट किंवा पोर्ट, मग गनिकॉर्न, आणि शेवटी जँगो. हे थर उगाच रचलेले नाहीत. इगर सिसोएव यांनी २००४ मध्ये खुलं केलेलं एनजिनएक्स हजारो कनेक्शनं थोड्या मेमरीत सांभाळण्यासाठी घडवलेलं आहे. पायथन कोड चालवणं त्याचं काम नाही. गनिकॉर्न पायथनच्या मोजक्या प्रोसेस चालवतो, आणि संथ मोबाइल नेटवर्कवरच्या एखाद्या ग्राहकासाठी त्यातली एक प्रोसेस ताटकळत ठेवणं त्याला परवडत नाही. गनिकॉर्न आणि जँगो यांचं आपसातलं बोलणं डब्ल्यूएसजीआय या ठरावानुसार चालतं. तो पायथनच्या जगात २००३ पासून आहे.

यातला प्रत्येक थर चूक कळवू शकतो, आणि नुसत्या आकड्यावरून ती कोणी कळवली ते समजत नाही. ४०३ एनजिनएक्सही देतो आणि जँगोही देतो. ओळखायचं ते पानाच्या रूपावरून. मधोमध ठळक अक्षरांत आकडा, खाली आडवी रेघ आणि रेघेखाली एनजिनएक्सचं नाव असेल, तर उत्तर एनजिनएक्सने स्वतः दिलंय. तुमच्या जँगो कोडचा या पानाशी संबंधच आलेला नाही. डावीकडे साधं ‘बॅड रिक्वेस्ट (४००)’ किंवा ‘सर्व्हर एरर (५००)’ असं शीर्षक असेल, तर ते जँगोचं. ‘सीएसआरएफ व्हेरिफिकेशन फेल्ड’ (फॉर्म दुसऱ्याच साइटवरून खोटा पाठवलेला नाही ना, ही तपासणी फसली) हे वाक्य दिसलं तर तोही जँगोच. रिस्पॉन्समधल्या ‘सर्व्हर’ हेडरवर मात्र विसंबू नका. एनजिनएक्स मागच्या सर्व्हरचा तो हेडर गाळून स्वतःचा लावतो, त्यामुळे तिथे कायम एनजिनएक्सच दिसेल.

पानच आलं नाही, ब्राउझर नुसता फिरत राहिला आणि शेवटी वेळ संपल्याचं म्हणाला, तर विनंती एनजिनएक्सपर्यंतही गेलेली नाही. बहुतेक वेळा ८० किंवा ४४३ पोर्ट फायरवॉलमध्ये बंद असतो. उबुंटूचा यूएफडब्ल्यू आणि क्लाउड कंपनीच्या पॅनेलमधला फायरवॉल हे दोन वेगळे आहेत. दोन्हीकडे पोर्ट उघडावा लागतो. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही, म्हणजे एनजिनएक्सच बंद आहे.

बोलणारा कळला की त्याचाच लॉग उघडायचा. एनजिनएक्सचा एरर लॉग ‘/व्हार/लॉग/एनजिनएक्स’ फोल्डरमध्ये असतो. गनिकॉर्न सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) खाली चालत असेल तर त्याचं सगळं बोलणं तिच्या लॉगमध्ये, म्हणजे जर्नलमध्ये, जातं आणि जर्नलसीटीएल या कमांडने सापडतं; युनिटचं, म्हणजे सेवेचं, नाव देऊन बघा. एका टर्मिनलमध्ये ‘टेल’ कमांडने लॉगची शेपूट चालू ठेवा, दुसरीकडे ब्राउझरमधून एकदाच रीफ्रेश करा, आणि नेमकी त्या क्षणी आलेली ओळ वाचा. कालच्या ओळी वाचून आजची दुरुस्ती करू नका.

जँगोच्या लॉगबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे खूप लोक हताश होतात. ‘डीबग’ (चुकांचे तपशील पानावर दाखवणारी सेटिंग) फॉल्स केल्यावर जँगोची मूळ लॉगिंग व्यवस्था कन्सोलवर लिहिणं बंद करते. कन्सोलच्या हँडलरला ‘डीबग चालू असेल तरच’ अशी गाळणी लावलेली असते, आणि गंभीर चुका ‘ॲडमिन्स’ या यादीतल्या लोकांना मेलने पाठवायच्या असतात. ती यादी रिकामी आणि मेल सर्व्हर नाही, म्हणजे ५०० येतो, जर्नल कोरा असतो, आणि माणसाला वाटतं गनिकॉर्न काही लपवतोय. पुष्कळ जण मग नाइलाजाने प्रत्यक्ष सर्व्हरवर डीबग ट्रू करतात. तसं करू नका. कोड, सेटिंग्ज आणि क्वेरींचे तपशील येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. त्याऐवजी सेटिंग्जमध्ये ‘लॉगिंग’ हा डिक्शनरी लिहा: एक ‘स्ट्रीमहँडलर’, आणि रूट लॉगरला तो ‘वॉर्निंग’ पातळीवर जोडलेला. दहाबारा ओळींचं काम आहे. पातळी ‘एरर’ ठेवू नका, कारण सीएसआरएफ का नाकारला याचं कारण जँगो वॉर्निंग पातळीवर लिहितो, आणि तुम्हाला आत्ता नेमकी तीच ओळ हवी आहे.

५०२: एनजिनएक्सला मागे कोणी भेटत नाही

५०२ चा अर्थ एवढाच, की एनजिनएक्स मागच्या सर्व्हरशी बोलायला गेला आणि बोलणं झालं नाही. का झालं नाही, ते एरर लॉगमधल्या ओळीत कंसातल्या आकड्याने सांगितलेलं असतं. ते लिनक्सचे स्वतःचे एरर क्रमांक आहेत. २ म्हणजे तिथे सॉकेटची फाइलच नाही: एकतर गनिकॉर्न सुरू झालेला नाही किंवा दोन ठिकाणी मार्ग वेगवेगळे लिहिलेत. १११ म्हणजे पत्ता बरोबर आहे पण ऐकणारा उठून गेलाय. १३ म्हणजे परमिशन नाही. आकड्याशिवाय ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन’ असं असेल तर गनिकॉर्नने विनंती घेतली आणि उत्तर द्यायच्या आत त्याचा वर्कर (काम करणारी प्रोसेस) मेला. या चार गोष्टींचे उपाय एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत, म्हणून ‘५०२ वर उपाय’ शोधून सापडलेला लेख तुमच्या कामाचा असेलच असं नाही.

तुमच्या लॉगमध्ये १३ आहे. उबुंटूवर एनजिनएक्सचे वर्कर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरच्या नावाने चालतात. सॉकेट तुमच्या होम फोल्डरच्या आत, प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये आहे. एखाद्या फाइलपर्यंत पोचायचं तर वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर त्या युजरला ‘एक्स’ म्हणजे ओलांडण्याची परवानगी लागते. नवा युजर तयार करताना त्याच्या होम फोल्डरला उबुंटू पूर्वी ७५५ देत असे, २१.०४ या आवृत्तीपासून ७५० देऊ लागला. म्हणजे मालक आणि त्याचा ग्रुप सोडून कोणालाही आत पाऊल टाकता येत नाही. तुम्ही वाचलेला जुना लेख १८.०४ किंवा २०.०४ वर लिहिलेला असणार. तिथे तो अगदी बरोबर होता, आणि २२.०४ वर त्याच सूचना ५०२ देतात. तुम्ही ७७७ दिलं ते प्रकल्पाच्या फोल्डरला. अडवणारं फोल्डर त्याच्या वर आहे, त्याला हात लागलाच नाही.

हे स्वतः पाहायचं असेल तर ‘नेमआय’ नावाची कमांड आहे (अक्षरं: एन, ए, एम, ई, आय). तिला लहान ‘एल’चा पर्याय आणि सॉकेटचा पूर्ण मार्ग द्या. रूटपासून शेवटपर्यंत एकेका फोल्डरची परमिशन, मालक आणि ग्रुप खाली खाली छापला जातो, आणि साखळी कुठे तुटते ते दिसतं. परमिशनच्या भानगडीत ही कमांड जितका वेळ वाचवते तितका दुसऱ्या कशाने वाचलेला मी पाहिलेला नाही.

उपाय दोन-तीन प्रकारे होतो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला तुमच्या ग्रुपमध्ये घेतलं तरी काम भागेल, पण मग जगासमोर उभ्या असलेल्या प्रोसेसला तुमच्या होममधलं बरंच काही वाचता येईल. माझं स्पष्ट मत: ॲप्लिकेशन होममध्ये ठेवूच नये. कोड ‘/एसआरव्ही’खाली न्या, त्याच्यासाठी लॉगिन नसलेला वेगळा युजर करा, आणि सॉकेट ‘/रन’मध्ये ठेवा. सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये ‘रनटाइम डिरेक्टरी’ ही ओळ लिहिली की सर्व्हिस सुरू होताना ‘/रन’मध्ये तिचं फोल्डर योग्य मालकासह आपोआप बनतं आणि थांबताना जातं. आता वापरताय तो पोर्टही चालेल, पण मशीनवरचा कोणताही युजर त्या पोर्टशी थेट बोलू शकतो. आणि चुकून ०.०.०.० वर बांधलात तर फायरवॉलच्या भरवशावर राहावं लागतं.

कोड हलवताना व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पाच्या पायथन पॅकेजांचं वेगळं फोल्डर) उचलून नेऊ नका. त्यातल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पायथनचा जुना पूर्ण मार्ग कोरलेला असतो. फोल्डर हलवलं की गनिकॉर्नची फाइल समोर दिसते, पण सिस्टिमडी म्हणतो, अशी फाइल नाही. नव्या जागी नवीन बनवा आणि रिक्वायरमेंट्स पुन्हा इन्स्टॉल करा.

गनिकॉर्न उठतच नसेल तर सिस्टिमसीटीएलच्या स्टेटसमधला एक्झिट कोड वाचा. २०३ म्हणजे चालवायची फाइल सापडली नाही किंवा चालवता आली नाही. वर सांगितलेलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं प्रकरण इथेच दिसतं. २१७ म्हणजे ‘युजर’ ओळीतलं नाव मशीनवर नाही. २०० म्हणजे ‘वर्किंग डिरेक्टरी’त जाता आलं नाही. हे तिन्ही सिस्टिमडीचे आहेत, पायथन अजून सुरूच झालेला नाही. कोड ३ आणि ‘वर्कर फेल्ड टू बूट’ दिसलं तर मात्र गनिकॉर्न सुरू झाला आणि तुमचं ॲप्लिकेशन लोड करताना पडला. त्याच्या वर जर्नलमध्ये पूर्ण ट्रेसबॅक (चूक कोडमध्ये कुठे झाली याचा माग) असतो, आणि बहुतेक वेळा तो एखादं मॉड्यूल न सापडल्याचा किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नसल्याचा असतो.

व्हेरिएबलचं म्हणाल तर, सिस्टिमडी तुमची बॅशआरसी फाइल (टर्मिनल उघडताना वाचली जाते ती) वाचत नाही. टर्मिनलमधून हाताने चालवलेला गनिकॉर्न चालतो आणि सर्व्हिस म्हणून चालत नाही, याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. ‘एन्व्हायर्नमेंट फाइल’ ही ओळ देऊन वेगळ्या फाइलमधून व्हेरिएबल भरा, आणि ती फाइल फक्त रूटला वाचता येईल अशी ठेवा. युनिट फाइलमध्येच ‘एन्व्हायर्नमेंट’ म्हणून सीक्रेट की लिहिली असेल तर तीत % आहे का बघा. जँगो स्वतः तयार करतो त्या कीमध्ये हे चिन्ह येऊ शकतं, आणि युनिट फाइलमध्ये त्याला वेगळा अर्थ आहे. तिथे ते दोनदा लिहावं लागतं.

गनिकॉर्न खरंच चालतोय का, हे एनजिनएक्सला बाजूला ठेवून तपासता येतं. सर्व्हरवरच कर्ल (टर्मिनलमधून वेब विनंती पाठवणारी कमांड) चालवा, ‘युनिक्स-सॉकेट’ पर्यायाने सॉकेटचा मार्ग द्या आणि होस्ट हेडरमध्ये तुमचं डोमेन घाला. इथे पान आलं तर गनिकॉर्न आणि जँगो ठीक आहेत, दोष एनजिनएक्सच्या फाइलमध्ये शोधायचा. नाही आलं तर एनजिनएक्सच्या फाइलला हात लावू नका. एवढ्या एका चाचणीने निम्मा शोध संपतो.

सीएसएस का गेलं

डीबग फॉल्स असताना जँगो स्टॅटिक फाइली (सीएसएस, चित्रं वगैरे) देत नाही. त्या एनजिनएक्सने थेट डिस्कवरून द्यायच्या असतात. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सीएसएसच्या ओळीसमोरचा आकडा पाहा. ४०३ असेल तर तेच होम फोल्डर: एनजिनएक्सला सॉकेटपर्यंत जाता येत नव्हतं, तसंच स्टॅटिकच्या फोल्डरपर्यंतही जाता येत नाहीये. पोर्ट वापरल्याने सॉकेटची अडचण टळली, फाइलींची टळली नाही. कोड ‘/एसआरव्ही’त नेल्यावर हीसुद्धा सुटेल.

४०४ असेल तर मार्ग चुकलाय. ‘कलेक्टस्टॅटिक’ (स्टॅटिक फाइली एका फोल्डरात गोळा करणारी जँगोची कमांड) चालवलंत का, आणि फाइली ‘स्टॅटिक रूट’मध्ये खरंच आल्या का, हे आधी बघा. मग एनजिनएक्सच्या फाइलमध्ये ‘रूट’ आहे की ‘एलियस’ ते पाहा. ‘रूट’ दिलेल्या फोल्डरला पूर्ण यूआरएल जोडतो, म्हणजे शेवटी ‘स्टॅटिक’ हा शब्द दोनदा येऊ शकतो. ‘एलियस’ लोकेशनचा भाग काढून त्या जागी फोल्डर ठेवतो. एरर लॉगमध्ये एनजिनएक्सने कोणती फाइल उघडायचा प्रयत्न केला त्याचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो, त्यामुळे अंदाज बांधायची गरज नाही. एलियस वापरताना लोकेशनच्या शेवटी आणि एलियसच्या शेवटी, दोन्हीकडे स्लॅश द्या. लोकेशनचा शेवटचा स्लॅश राहिला आणि एलियसचा दिला, तर बाहेरच्या माणसाला ‘स्टॅटिक’नंतर दोन टिंबं लावून त्याच्या वरच्या फोल्डरमधल्या फाइली मागता येतात. तुमची सेटिंग्ज फाइल तिथेच असेल. तुमच्या कॉन्फिगमध्ये हा स्लॅश राहिलेला आहे, तेवढा आजच घाला.

४०० आणि ४०३: हरवलेले हेडर

आता दुसरं मूळ कारण. तुम्ही म्हणता, होस्ट हेडर पुढे पाठवण्याची ओळ लिहिलेली आहे, तरी जँगो ४०० देतो. ओळ आहे हे खरं. पण ती आणि ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ची ओळ सर्व्हर ब्लॉकमध्ये आहे, आणि खाली लोकेशन ब्लॉकमध्ये ‘एक्स-रिअल-आयपी’साठी ‘प्रॉक्सी सेट हेडर’ची एक वेगळी ओळ आहे. एनजिनएक्सचा नियम असा: आतल्या ब्लॉकमध्ये ‘प्रॉक्सी सेट हेडर’ एकदा जरी आला, तर बाहेरच्या ब्लॉकमधले सगळे ‘प्रॉक्सी सेट हेडर’ त्या ब्लॉकपुरते रद्द. भर पडत नाही, पूर्ण बदली होते. एनजिनएक्सची तपासणी यावर काही बोलत नाही, कारण व्याकरणात चूक नाही. ‘ॲड हेडर’लाही हाच नियम आहे, आणि त्यामुळे सुरक्षेचे हेडर गुपचूप गळालेली कित्येक संकेतस्थळं सापडतात.

तुमच्या बाबतीत परिणाम असा झाला. होस्ट ठरवून दिला नाही तर एनजिनएक्स ‘प्रॉक्सी पास’मध्ये लिहिलेला पत्ताच होस्ट म्हणून पाठवतो. जँगोला दिसलं १२७.०.०.१:८०००. हे अलाउड होस्ट्समध्ये नाही, म्हणून ४००. तुम्ही * टाकला, जँगोने ते नावही स्वीकारलं, पान दिसलं. मग लॉगिनचा फॉर्म पाठवताना ब्राउझरने ‘ओरिजिन’ हेडरमध्ये तुमचं खरं डोमेन एचटीटीपीएससह सांगितलं, आणि जँगोच्या समजुतीप्रमाणे तो स्वतः होता साध्या एचटीटीपीवरचा १२७.०.०.१:८०००. जँगो ४.० पासून ही तुलना होते. जुळलं नाही, म्हणून ४०३. इथे बरेच लोक ‘सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स’मध्ये डोमेन भरून मोकळे होतात. ४०३ जाईल, पण होस्ट चुकीचाच राहील, आणि पुढे कोणी पासवर्ड बदलायची मेल मागवली तर त्यातला दुवा १२७.०.०.१ चा असेल.

(अपस्ट्रीम ब्लॉक वापरणाऱ्यांसाठी एक टीप: त्याच्या नावात अंडरस्कोर असेल आणि होस्ट पाठवला नसेल, तर अलाउड होस्ट्समध्ये * टाकूनही ४०० जात नाही. अंडरस्कोर असलेलं नाव जँगो वैध होस्ट मानतच नाही.)

दुरुस्ती छोटी आहे. उबुंटूच्या एनजिनएक्ससोबत ‘प्रॉक्सी पॅराम्स’ नावाची फाइल येते. तीत होस्ट, एक्स-रिअल-आयपी, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो या चारही ओळी तयार असतात. तुमच्या त्या सुट्या ओळी काढा आणि लोकेशन ब्लॉकमध्येच, ‘प्रॉक्सी पास’च्या शेजारी, ही फाइल इन्क्लूड करा. जँगोच्या सेटिंग्जमध्ये ‘सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर’ला एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोची जोडी द्या. ही सेटिंग तेव्हाच सुरक्षित असते जेव्हा एनजिनएक्स तो हेडर प्रत्येक वेळी स्वतः लिहितो. नाहीतर बाहेरचा कोणीही ‘मी एचटीटीपीएसवरून आलोय’ असं खोटं सांगू शकतो. मग अलाउड होस्ट्समधला * काढून डोमेन परत लिहा.

एनजिनएक्सच्याही पुढे क्लाउडफ्लेअरसारखी सेवा असेल आणि तिथे एसएसएल ‘फ्लेक्झिबल’वर असेल, तर ती सेवा तुमच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलते. एनजिनएक्स प्रामाणिकपणे ‘एचटीटीपी’ असं कळवतो, जँगो एचटीटीपीएसकडे वळवतो, आणि ब्राउझर गोल गोल फिरून ‘फार वेळा वळवलं’ म्हणतो. सर्व्हरवर प्रमाणपत्र बसवून तिकडे ‘फुल स्ट्रिक्ट’ निवडा.

बदल केला, पण लागला का

तुम्ही लिहिलेल्या काही विसंगतींचं कारण मला वाटतं हेच असेल. एनजिनएक्सची फाइल बदलली की आधी लहान ‘टी’ने तपासा, मग रीलोड. मोठ्या ‘टी’ने एनजिनएक्स सगळ्या इन्क्लूड फाइली एकत्र करून पूर्ण कॉन्फिग छापतो, तुम्ही बदललेली ओळ त्यात दिसली नाही तर तुम्ही भलतीच फाइल बदलताय. बहुतेकदा ‘साइट्स-एनेबल्ड’मधला दुवा तुटलेला असतो. ‘वेलकम टू एनजिनएक्स’चं पान येत असेल तर तुमच्या सर्व्हर ब्लॉकचं नाव जुळलं नाही आणि विनंती डीफॉल्ट ब्लॉककडे गेली. सर्टबॉट (एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र बसवणारं साधन) वापरला असेल तर त्याने तुमच्या फाइलमध्ये ४४३ चा ब्लॉक तयार करून ८० चा फक्त वळवण्यापुरता ठेवलेला असतो. ८० च्या ब्लॉकमध्ये केलेले बदल कोणालाच दिसणार नाहीत.

पायथन कोड किंवा सेटिंग्ज बदलल्या तर गनिकॉर्न रीस्टार्ट करावा लागतो, रनसर्व्हरसारखा तो स्वतःहून ओळखत नाही. सर्व्हिस फाइल बदलली तर आधी ‘डीमन-रीलोड’. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर लॉगची नवी ओळ.

पुढे भेटतील अशा तीन गोष्टी

मोठी फाइल चढवताना ४१३ आला तर तो एनजिनएक्सचा आहे. विनंतीच्या आकाराची त्याची मूळ मर्यादा फक्त १ एमबी असते. ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइज’ वाढवा.

एखादा मोठा अहवाल तयार करताना साधारण अर्ध्या मिनिटाने ५०२ येत असेल तर एनजिनएक्सचा ‘प्रॉक्सी रीड टाइमआउट’ वाढवून उपयोग होणार नाही. त्याची मर्यादा मुळातच ६० सेकंद आहे. गनिकॉर्नची ३० सेकंद. साधा वर्कर ३० सेकंद अडकला की गनिकॉर्न त्याला मारतो, आणि एनजिनएक्सला मधेच तुटलेलं कनेक्शन दिसतं. जर्नलमध्ये ‘वर्कर टाइमआउट’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. गनिकॉर्नची मर्यादा ६० च्या पुढे नेलीत तर तीच चूक ५०४ म्हणून दिसेल. दोन्ही आकडे वाढवत जाण्यापेक्षा असं काम सेलरीसारख्या रांगेत टाकून मागे चालवणं मला योग्य वाटतं.

तिसरी गोष्ट खास मराठी वापरणाऱ्यांची. ‘शेतकरी यादी’ नावाची पीडीएफ चढवली आणि सर्व्हरवर ती ‘शतकर_यद’ म्हणून दिसली, तर एनजिनएक्स किंवा लोकेलमध्ये शोधत बसू नका. फाइलचं नाव साफ करताना जँगो पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला ‘शब्दातलं अक्षर’ हा वर्ग वापरतो, आणि त्या वर्गात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांपैकी काहीच बसत नाही. मुळाक्षरं तेवढी उरतात, आणि दोन वेगवेगळी नावं एकसारखीसुद्धा होऊ शकतात. डिस्कवर फाइलला यादृच्छिक रोमन नाव द्या, मूळ मराठी नाव टेबलच्या वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं ठेवा, आणि डाउनलोडच्या वेळी तेच दाखवा.

हे सगळं करूनही अडलं तर एनजिनएक्सच्या एरर लॉगमधली त्या क्षणाची ओळ, गनिकॉर्नच्या सर्व्हिसचं स्टेटस, नेमआयचं आउटपुट आणि मोठ्या ‘टी’ने छापलेल्या कॉन्फिगमधला तुमचा सर्व्हर ब्लॉक, एवढं पाठवा. पाठवण्याआधी सीक्रेट की आणि डेटाबेसचा पासवर्ड झाका. आणि ७७७ दिलेल्या काळात त्या मशीनवर दुसऱ्या कोणाचं खातं असेल, तर हे दोन्ही बदलूनच टाका.